मुका बी

२ डिसेंबर २०२४, सोमवार

पोचले! मिरजेहून रात्रीच्या गाडीत बसले ती उजाडताना कर्जतला उतरले. फलाटावर मला या कामावर बोलावणारे कमलेश स्वतः घ्यायला आले होते. फोनवरच्या आवाजावरून मला ते पन्नाशीचे वाटले होते. निघाले चाळिशीच्या आतले, हसरे, पांढऱ्याशुभ्र शर्टातले. बॅगेला मला हातही लावू दिला नाही. स्टेशनाबाहेर गरम वडे बांधून घेतले आणि चौकच्या रस्त्याला लागल्यावर गाडीतच खाल्ले. भाताची कापणी उरकलीय, शेतात पेंढ्याच्या उडव्या उभ्या आहेत आणि ओलीवर पेरलेला वाल नुकता वर आलाय. सगळी वाट मी काच खालीच ठेवली.

घर लोधिवली गावाच्या जरा बाहेर, जुन्या हायवेपासून आत. बैठं, कौलारू, पुढं पडवी, मागं इर्शाळगडाचा सुळका. आजूबाजूच्या जमिनींना कंपाउंड पडलीत, बंगल्यांच्या पाट्या लागल्यात. मधे हे एकच शेत उघडं आहे.

माझे पेशंट पद्माकर सर. गाव त्यांना पदूमास्तर म्हणतं. जवळच्या हायस्कुलात त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. बायको वारली, मूलबाळ नाही. उन्हाळ्यात लकव्याचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. कमलेश त्यांचे पुतणे, खोपोलीला राहतात, जमिनींची खरेदी-विक्री करून देतात. घरात सरांजवळ असतात त्यांची धाकटी बहीण, सुनंदाआत्या. नवरा गेल्यापासून माहेरीच आहेत.

स्पीच थेरपीचा कोर्स संपल्यावरचं हे माझं पहिलं स्वतंत्र काम. कमलेश म्हणाले, मॅडम, काका बोलले नाहीत तरी चालेल, पण त्यांना समजतंय एवढं लोकांना कळू दे. किती समजूतदार माणूस! आईला फोन करून हेच सांगितलं.

आत्यांनी मात्र मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि एवढंच विचारलं, किती दिस ऱ्हानार हायस?

४ डिसेंबर, बुधवार

काल दिवसभर हाती काही लागलं नाही. नाव विचारलं, चित्रं दाखवली, आरती म्हणायला लावली. सर ओठ हलवतात, बाहेर येतो तो नुसता हुंकार. डोळे मात्र टक्क जागे.

आज सकाळी आत्या त्यांचे केस विंचरत होत्या. मी फणीवर बोट ठेवून म्हटलं, सर, कोम्ब. लहानपणापासून मी तसंच म्हणत आलेय. सरांच्या भुवया चढल्या. डावा हात पलंगाच्या काठावर आपटून खणखणीत आवाजात म्हणाले, कोम!

मग थांबेनातच. लॅम. लिम. क्रम. क्लाइम. थम. नम. डम. टूम. वर्गापुढं उभं राहून म्हणावं तसं, एका दमात.

या सगळ्या शब्दांच्या शेवटी लिहिताना इंग्रजी बी येतो आणि बोलताना येत नाही. कमलेशना फोन केला तर ते खूप हसले. म्हणाले, काकांचा मुक्या बीचा धडा! दरवर्षी तोच. आम्ही थम्ब म्हणायचो, टोम्ब म्हणायचो, आणि छडी खायचो. लकव्यात रोजची भाषा जाते, पण वर्षानुवर्षं घोकलेली एखादी माळ मेंदूत शाबूत राहते. कुणाची पाढ्यांची राहते, कुणाची शिव्यांची. सरांची ही राहिली. मला एवढा धागा पुरे आहे.

आनंदानं मी आत्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. चेहरा उतरला होता त्यांचा.

६ डिसेंबर, शुक्रवार

पुठ्ठ्याची कार्डं केली. पुढं इंग्रजी शब्द, मागं अर्थ. कोम म्हणजे फणी. लॅम, कोकरू. लिम, हातपाय. क्रम, जेवताना सांडतो तो कण. क्लाइम, चढणं. थम, अंगठा. नम, बधिर. डम, मुका. टूम, कबर. बी मधे लपलाय अशीही दोन घेतली. डाउट, म्हणजे संशय, आणि सटल, म्हणजे चटकन नजरेत न भरणारं.

गंमत अशी की सर नुसते ओळखत नाहीत, वापरतात. भूक लागली की क्रम पुढं सरकवतात, पाय अवघडला की लिम. मला हाक मारायची तर लॅम! बाकी एकही शब्द जिभेवर नाही. जगातल्या सगळ्या गोष्टी ते या मूठभर शब्दांत बसवतात.

संध्याकाळी कमलेश आले. मला दाखवायची कोण हौस! पण सर एकदम मंदावले. कोमला टूम, थमला लॅम. तोंडातून लाळ गळू दिली. शेवटी बोटानं एकच कार्ड माझ्याकडे सरकवलं, डाउट. मी म्हटलं, वा, मधला बीसुद्धा लक्षात आहे! कमलेशही हसले.

जाताना ते आत्यांकडे औषधाच्या पुड्या देऊन गेले. कळंबच्या पुढं कुणी वैद्य आहे, त्याचं लकव्यावरचं औषध. आत्यांनी त्या पदराला बांधल्या.

८ डिसेंबर, रविवार

आत्यांचं लक्षण मला ठीक वाटत नाही. कमलेशनी काही आणलं की सरांच्या वाटणीचं आधी स्वतः खातात. आज दूध आणलं होतं. त्यातलं अर्धा पेला स्वतः प्यायल्या, बराच वेळ गप्प बसून राहिल्या, आणि मग उरलेलं भावाला दिलं. मिठाईचा पुडा तर गोठ्यामागं नेऊन पुरला. मी खिडकीतून पाहिलं.

दुपारी मला पडवीत गाठून म्हणाल्या, दादाला बोलाया लावू नको गं पोरी. मुका हाय तवर बरा हाय. मी विचारलं, असं का म्हणता? मग म्हणाल्या, तुला त्यानं आणलंय, तुला काय सांगू, आणि आत गेल्या.

कुठली बहीण असं म्हणेल? कमलेश परवा म्हणाले होते की आत्याच्या हातात घर आलंय, काका बरे झाले तर तिची सत्ता जाईल. तेव्हा मला ते फार कडक वाटलं होतं. आज नाही वाटलं.

१० डिसेंबर, मंगळवार

सापडलं!

सकाळपासून सर एकच कार्ड पुढं करत होते. क्लाइम. मला वाटलं उठून बसायचंय. नाही. नजर वर, स्वयंपाकघराच्या माळ्याकडे. पुन्हा क्लाइम. आत्या वालाच्या शेतात खुरपायला गेल्यावर शिडी लावून चढले. जुन्या भांड्यांमागं रॉकेलचा रिकामा डबा होता. आत पुड्याच पुड्या. दोरासुद्धा न सोडलेल्या. कमलेशनी आणलेलं सगळं औषध.

म्हणजे ही बाई सरांना औषध देतच नव्हती. त्या बिचाऱ्याला हे माहीत होतं आणि सांगायला शब्द नव्हता.

खाली येऊन सरांना म्हटलं, कळलं मला. त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. लगेच कमलेशना फोन केला.

फोनवर मी कमलेशचं नाव घेतलं तेव्हा सर पलंगावर हात आपटायला लागले. इतक्या दिवसांची चीड बाहेर पडत असणार.

११ डिसेंबर, बुधवार

कमलेशनी आरडाओरडा केला नाही. आत्यांना एवढंच म्हणाले, तू दमलीस, थोडे दिवस नेरळला लेकीकडे राहा. आत्याही भांडल्या नाहीत. गेल्या, भावाच्या लुळ्या पायावर गाल टेकून बसल्या. त्यांचे कपडे एका पिशवीत मावले.

गाडीत बसताना माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, तू त्याचीच मानूस हायस असं धरून मी गप ऱ्हायले, ती माजी चूक. आता दादाच्या तोंडात काय जातंय त्ये तूच बघ.

मला ती धमकी वाटली.

त्यांना पोचवून आल्यावर कमलेशनी एक कागद पुढं ठेवला. पद्माकर सरांना बोललेलं सर्व समजतं, ते खुणेनं संमती देऊ शकतात, असं माझ्या नावानं टाइप केलेलं. खोटं त्यात काहीच नव्हतं. माझ्या कामाची पावतीच होती ती. पेन उघडलं, आणि सर ओरडले, थाम्ब!

बीसकट. मी चमकले. पुन्हा, थाम्ब! थाम्ब! मी जवळ जाऊन त्यांना सुधारलं, सर, थम, बी मुका असतो ना? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी आलं. उच्चार बिघडतोय, त्याचं त्यांना वाईट वाटलं असावं. नोंद करून ठेवली.

सही केली.

१३ डिसेंबर, शुक्रवार

कमलेश आता इथंच राहायला आलेत. पुडी मधात कालवून स्वतः चाटवतात. दोन्ही वेळा, न चुकता. जेवण हायवेवरच्या ढाब्यावरून येतं.

सर दिवसभर झोपून असतात. आज सकाळी, पुडीच्या आधी, थोडे जागे होते. डावा हातही जड झालाय त्यांचा. कसंबसं एक कार्ड ओढलं. नम. आणि बोट पुडीवर. मी म्हटलं, हो, यानं बधिरपणा जाईल. त्यांनी मान हलवली. नाही. नाही.

दुपारी धोंडूबाई आली होती. ती भांडी घासायला येते. तिची नात विहिरीकडे पळाली तशी ती मागून ओरडली, थांब! थांब गं!

मी तो शब्द स्वतःशी म्हणून पाहिला.

थांब.

सर अंगठा म्हणत नव्हते. मराठी शब्द त्यांच्या जिभेवर येत नाही, म्हणून जवळ होता त्या शब्दाला त्यांनी बी जोडला. ज्या माणसानं गावातल्या एकाही पोराला तो बी म्हणू दिला नाही, त्यानं तो मुद्दाम म्हटला. मला सही करू नको म्हणून सांगितलं. आणि मी त्यांचा उच्चार सुधारला.

मग एकेक गोष्ट उलटी झाली. आत्या दूध आधी पीत होत्या, ते बघायला. मिठाई पुरली, ती कुणाच्या पोटात जाऊ नये म्हणून. पुड्या लपवल्या, त्या सरांना वाचवायला. क्लाइम म्हणजे, वर जा, बघ माझी बहीण माझ्यासाठी काय करतेय. आणि मी तिला घरातून काढलं.

सर कमलेशपुढं वेडे का बनायचे तेही कळलं. त्यांना समजतं हे सिद्ध झालं की जमिनीच्या कागदावर त्यांचा अंगठा चालतो. त्यासाठीच मला आणलंय.

१४ डिसेंबर, शनिवार

धीर करून कमलेशकडे कागद परत मागितला. ते हसले. म्हणाले, तो तर गेला पुढं. रजिस्ट्रार ऑफिसचे साहेब घरी येऊन काकांचा अंगठा घेणार आहेत. एवढी हायवेजवळची जमीन वाल लावायला ठेवायची असते का, मॅडम? तुम्ही फक्त शेजारी बसायचं. साहेब विचारतील, यांना समजलं का, की मान हलवायची.

मी म्हटलं, मी साहेबांना सगळं सांगेन.

ते रागावले नाहीत. खुर्ची पुढं सरकवली. म्हणाले, दमलेल्या दिसता. चहा टाकू?

मी नको म्हटलं. चहा घेतला नाही. ढाब्याचं जेवणही नाही. स्वतः भात लावला, तोही तांदूळ निवडून, धुवून.

आत्यांचा नंबर माझ्याकडे नाही. धोंडूबाईला सांगायचं ठरवलंय, नेरळला निरोप दे म्हणून.

१५ डिसेंबर, रविवार

धोंडूबाई आली नाही. कमलेश म्हणाले, तिला सुट्टी दिली.

सकाळपासून जिभेला मुंग्या. गरम काही लागल्यासारखं. मी कमलेशच्या हातचं काहीच खाल्लं नाही. मग कशात? मिठात? तांदळात? माठात? माठ ओतून दिला. विहिरीचं पाणी काढलं. कमलेश पडवीतून बघत होते. म्हणाले, विहीर चांगली आहे, प्या, प्या.

प्यायले नाही.

आईला फोन लावायला गेले. फोन उशीखाली नाही. बॅगेत नाही. कमलेश म्हणाले, स्क्रीन गेली होती ना, चौकला दुरुस्तीला दिलाय. स्क्रीन चांगली होती.

आत्या असत्या तर पेल्यातलं आधी प्यायल्या असत्या. बसून राहिल्या असत्या.

१६ डिसेंबर, सोमवार

पेन धरवत नाही नीट. अंगठा आपला वाटत नाही. टोचून पाहिलं.

बोलताना शब्द सापडत नाहीत. सकाळी सरांना विचारायचं होतं, ते — अंगावर घेतात, थंडीत — ते हवं का. आठवेना. अजून आठवत नाही. गोधडी. आत्ता आठवलं. लिहून ठेवते. गोधडी, गोधडी.

सरांनी माझं बोलणं ऐकलं. कार्डं शोधायला लागले. एक उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. डम. मग स्वतःच्या छातीवर बोट. मग माझ्याकडे.

कमलेश मला मारणार नाहीत. मारून कसं चालेल? साहेबांसमोर मी बसलेली हवी. नाव कागदावर, आवाज नाही. मान हलवायला तोंड लागत नाही.

मान हलवणार नाही मी.

१७, मंगळवार

कमलेश आंघोळीला गेले तेव्हा निघाले. हायवेपर्यंत जायचं, गाडी थांबवायची. पाय कापसाचे. बंगल्यांच्या भिंती धरत धरत. एका गेटवर वॉचमन होता. त्याला सांगितलं — सांगत होते — बाहेर आलं ते नुसतं गुं गुं. सरांसारखं. हात जोडले. तो मागं सरकला. म्हणाला, पिऊन आलीय काय? मग ओळखलं. ही कमलेशशेठकडची बाई.

त्यानंच फोन केला.

कमलेश गाडी घेऊन आले. केस ओले होते. वॉचमनला म्हणाले, बीपी लो झालंय मॅडमचं, बरं झालं तू होतास. मला हळूच धरून बसवलं. पट्टा लावला. वाटभर गाणी लावली होती.

दाराला आता कुलूप आहे.

१८

उद्या येणार आहेत. साहेब.

डासांसाठी कमलेशनी पलंगाजवळ ते ठेवलं होतं — निखारे असतात, धूप घालतात — ते. सरांचा डावा हात खाली लोंबत होता. झोपेत वाटले. मी बघत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग अंगठा त्यात घातला. दाबून धरला. आवाज नाही केला. मी ओरडले असते, पण माझाही —

वास आला तेव्हा कमलेश धावत आले.

बघितलं. हात पुसला. औषध लावलं. काका, काका, असं करतात का. मग पलंगाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला बसले. उजवा हात मांडीवर घेतला. लुळा. अंगठा सरळ करून बघितला. वाकवला. पुन्हा सरळ.

म्हणाले, हा आहे की.

१९

गाडी आली. दोन माणसं. शाईची डबी. कमलेशनी माझे केस विंचरले. खुर्चीत बसवलं. वही मांडीवर, ओढणीखाली. त्यांना वाटतं मी —

साहेब वाचतायत. मोठ्यानं. सर डोळे मिटून.

विचारलं. बाई, यांना समजलं का?

मान ताठ ठेवली. कमलेश म्हणाले, तब्येत बरी नाही तिची. मागून मानेवर हात ठेवलाय. दाबतोय —

साहेब वही बघा. इकडे बघा. मोठं लिहिते.

साहेब मला बोलता येत नाही म्हणून लिहून देते. सरांना सगळं समजतं. म्हणून ते नाही म्हणतात. डावा अंगठा त्यांनी स्वतः जाळला. उजवा हात कोण धरतंय बघा. बहीण नेरळला आहे, सुनंदा, तिला बोलवा. आम्हाला काय देतात ते

साहेब बघतायत. चष्मा लावला. हात पुढं केला. कमलेश म्हणतो मी वाचून दाखवतो, द्या इकडे — साहेब त्याला देऊ नका वही त्याच्या हातात देऊ न